'बेबल'ची मतं कुठे गेली?

२० जानेवारी २०२४ रोजी विज्ञानकथा वाचणाऱ्यांच्या जगात एक पीडीएफ फिरू लागली. नुसती आकड्यांची कोष्टकं. ऑक्टोबर २०२३मध्ये चीनमधल्या चेंगडू शहरात ह्यूगो पुरस्कार दिले गेले होते, त्यासाठी कुणाला किती नामांकनं आली होती याचा तो हिशेब. एरवी हा हिशेब समारंभ संपला की त्याच रात्री येतो. या वेळी नियमातली ९० दिवसांची मुदत संपता संपता आला. कादंबऱ्यांच्या कोष्टकात वरच्याच ओळींमध्ये आर. एफ. क्वांग यांच्या 'बेबल'चं नाव होतं आणि पुढे शेरा होता: अपात्र. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ह्यूगोसाठी कादंबरी पात्र ठरायला फार काही लागत नाही. ठरलेल्या वर्षात ती प्रकाशित व्हावी आणि किमान ४०,००० शब्दांची असावी. 'बेबल' ऑगस्ट २०२२मध्ये आली आणि जाडी बघितली तर ती उशीला घेता येईल. त्या वर्षीचा कादंबरीचा नेब्युला पुरस्कारही तिनेच जिंकला होता. म्हणजे पात्रतेचा प्रश्न नव्हताच. मग ही कादंबरी गेली कुठे?

त्याआधी मला ही कादंबरी कशी वाटली ते सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्याशी त्याचा संबंध आहे. मला 'बेबल' अर्धी आवडली. कल्पना अफाट आहे. १८३०च्या दशकातलं ऑक्सफर्ड. तिथे चांदीच्या पट्टीच्या एका बाजूला एका भाषेतला शब्द कोरायचा, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या भाषेतला त्याचा जोडीदार. भाषांतर करताना जो अर्थ निसटतो, तोच चांदीतून जादू बनून बाहेर पडतो आणि त्या जादूवर ब्रिटिश साम्राज्याच्या गिरण्या आणि जहाजं चालतात. हे वाचल्यावर मराठी माणूस दोन दिवस नुसत्या जोड्या लावत बसतो. 'माहेर' एका बाजूला कोरलं तर इंग्रजी बाजूला काय लिहायचं आणि त्यातून नक्की काय बाहेर पडेल?

नायक रॉबिन कॅन्टनहून आणलेला, त्याचा मित्र रामी कलकत्त्याचा आणि कथा हळूहळू अफूच्या युद्धाकडे सरकते. मुंबईच्या वाचकाला इथे आणखी एक गोष्ट आठवेल. माळव्यातली अफू मुंबई बंदरातूनच चीनला जायची आणि ज्या जमशेटजी जीजीभॉय यांच्या नावाने आपण जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कला महाविद्यालय ओळखतो, त्यांच्या संपत्तीत कापसाबरोबर त्या व्यापाराचाही वाटा होता. हा भाग उत्तम. पण क्वांग यांचा वाचकावर विश्वास कमी. वसाहतवाद वाईट, हे प्रसंगातून कळलेलं असताना खाली तळटीप येऊन पुन्हा समजावते. इंग्रज पात्रं बहुतेक पुठ्ठ्याची आहेत. माझ्या मतपत्रिकेवर ती पहिली नसती आली. मात्र ती कितवी ठेवायची हे मी आणि माझ्यासारख्या वाचकांनी ठरवायचं, एवढाच तर ह्यूगोचा सगळा मुद्दा आहे.

ह्यूगो गर्न्सबॅक हा लक्झेंबर्गमधून अमेरिकेत आलेला, रेडिओच्या भागांचा धंदा करणारा माणूस. १९२६ साली त्याने 'अमेझिंग स्टोरीज' हे फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक सुरू केलं. लेखकांचे पैसे थकवण्यासाठी तो बदनाम होता. पण त्याच्या मासिकात वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यासकट छापली जायची. वाचकांनी एकमेकांना थेट लिहायला सुरुवात केली, मंडळं काढली, भांडणं केली. त्यातून १९३९मध्ये न्यू यॉर्कला पहिलं विश्वसंमेलन, म्हणजे वर्ल्डकॉन भरलं. सुमारे २०० माणसं आली होती. आणि या पहिल्याच संमेलनाच्या दारातून आयोजकांनी विरुद्ध गटातल्या काही जणांना परत पाठवलं. त्यांत पुढे मोठा लेखक झालेला फ्रेडरिक पोलही होता. कारण गटबाजी आणि राजकारण.

पुरस्कार सुरू झाला १९५३ साली, फिलाडेल्फियात. पहिली विजेती कादंबरी आल्फ्रेड बेस्टरची 'द डिमॉलिश्ड मॅन'. परीक्षक मंडळ नाही. वर्ल्डकॉनची वर्गणी भरलेला कुणीही नामांकन देऊ शकतो आणि मतही. संमेलनाला न जाता फक्त मतापुरती वर्गणीही भरता येते, २०१५ साली ती ४० डॉलर होती. अंतिम फेरीत पसंतीक्रम द्यायचा असतो, पहिली, दुसरी, तिसरी. शिवाय प्रत्येक विभागात एक जादा पर्याय असतो: 'कुणालाच नको'. आपल्या 'नोटा'सारखा, पण दात असलेला. तो जिंकला तर खरंच कुणाला पुरस्कार मिळत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण सगळा घोळ तिच्यात आहे. वर्ल्डकॉन दर वर्षी वेगळ्या शहरात भरतं आणि मतमोजणी त्या त्या वर्षीची स्थानिक समिती करते. वर कायमचं कार्यालय नाही, लेखापरीक्षण नाही. घटना आहे, पण तिचा एखादा नियम बदलायचा तर लागोपाठ दोन वर्षांच्या सभांमध्ये तो मंजूर व्हावा लागतो. सहा दशकं हे चाललं, कारण माणसं एकमेकांना ओळखत होती आणि पणाला फारसं काही नव्हतं.

२०१४ साली अ‍ॅन लेकी यांच्या 'अ‍ॅन्सिलरी जस्टिस'ला ह्यूगो मिळाला. निवेदक एका अवकाशयानाची कृत्रिम बुद्धी, आता एकाच मानवी शरीरात उरलेली. तिच्या भाषेत लिंगभेद नाही, म्हणून इंग्रजीत ती सगळ्यांनाच 'ती' म्हणते. इंग्रजी वाचकांना हे केवढं विचित्र वाटलं! मराठीत हाच प्रयोग केला तर सर्वनामावर थांबताच येणार नाही. प्रत्येक क्रियापद 'गेली', 'आली', 'म्हणाली' होईल, विशेषणं बदलतील, दाढीवाला सेनापतीही 'चिडलेली' असेल. भाषांतर करणाऱ्याची दमछाक होईल, पण परिणाम मूळ पुस्तकापेक्षा जास्त होईल असं मला वाटतं.

असल्या कादंबऱ्या जिंकतात म्हणून चिडलेला एक गट होता. लेखक लॅरी कोरिया यांनी २०१३मध्ये 'सॅड पपीज' नावाची मोहीम सुरू केली. कंटाळवाण्या संदेशप्रधान कथांमुळे कुत्र्याची पिल्लं दुःखी होतात, असा काहीसा विनोद. त्यांचं म्हणणं, ह्यूगो मूठभर डाव्या, साहित्यिक मंडळींच्या हातात गेलाय. यानं, लढाया, साहस लिहिणाऱ्यांना कुणी विचारत नाही. खरं सांगायचं तर या तक्रारीत थोडं तथ्य होतं. वाचक ज्या पुस्तकांच्या गठ्ठ्यानं प्रती विकत घेतात, ती पुरस्कारांच्या यादीत क्वचित दिसतात. पण २०१५ साली ब्रॅड टॉर्गरसन यांच्याकडे सूत्रं गेली, आणि शेजारी 'व्हॉक्स डे' या नावाने लिहिणाऱ्या अतिउजव्या थिओडोर बीलने 'रॅबिड पपीज' ही स्वतःची यादी काढली. समर्थकांना थेट निरोप: ही नावं, अशीच भरा.

हे चाललं कसं, ते गणपतीच्या उदाहरणाने सांगतो. सोसायटीत १०० घरं आहेत. उत्सवासाठी पाच नाटकं निवडायची, प्रत्येक घराने पाच चिठ्ठ्या टाकायच्या. ८० घरं आपापल्या आवडीची नावं टाकतात आणि मतं चाळीसेक नाटकांवर विखुरतात. सर्वात लोकप्रिय नाटकाला १५ मतं पडतात. उरलेली २० घरं मात्र आधी बैठक घेऊन तीच पाच नावं टाकतात. त्या पाचही नाटकांना २०-२० मतं. झालं, पाचही जागा त्यांच्या. कुणी नियम मोडलेला नाही. नियमच असा होता.

२०१५मध्ये हेच झालं. अनेक विभागांत सगळ्या किंवा जवळपास सगळ्या जागा या दोन याद्यांनी भरल्या. मग सामान्य वाचक चिडले आणि ४०-४० डॉलर भरून मत द्यायला आले. अंतिम फेरीत ५,९५० मतपत्रिका जमा झाल्या, हा तोवरचा विक्रम होता. लघुकथा, लघुकादंबरी आणि संपादकांचे दोन्ही विभाग धरून पाच विभागांत 'कुणालाच नको' जिंकलं. त्याआधीच्या सगळ्या इतिहासात मिळून ते पाच वेळाच घडलं होतं.

या गोंधळातून एक भलतंच चांगलं फळ निघालं. मार्को क्लूस या लेखकाला कळलं की आपली कादंबरी यादीच्या जोरावर अंतिम फेरीत आलीय, आणि त्याने ती मागे घेतली. रिकाम्या जागेवर आली लिउ त्सिशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम', केन लिउ यांनी चिनीतून इंग्रजीत आणलेली. ऑगस्टमध्ये तीच जिंकली. विजेत्याचं नाव आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून अंतराळवीर शेल लिंडग्रेनने चित्रफितीतून जाहीर केलं. कादंबरीचा ह्यूगो भाषांतरित पुस्तकाला मिळण्याची ही पहिलीच वेळ. एका माणसाने स्वतःहून माघार घेतली नसती तर हे पुस्तक शर्यतीतच नव्हतं.

लिउ त्सिशिन शान्शी प्रांतातल्या वीज प्रकल्पात संगणक अभियंते होते. नोकरी सांभाळून लिहायचे. आमच्या व्यवसायातल्या लोकांना हे ऐकून उगाच बरं वाटतं. त्यांची पात्रं लाकडी आहेत, यात वाद नको. पण पुस्तकातल्या खेळात सम्राट छिन शी हुआंगचं तीन कोटींचं सैन्य मैदानात उभं राहतं, प्रत्येक सैनिकाच्या हातात काळा आणि पांढरा झेंडा, तीन-तीन सैनिकांचं एकेक लॉजिक गेट, आणि बघता बघता अख्खी फौज एक संगणक होऊन चालू लागते. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर दिलेल्या कुणालाही त्या पानांवर पात्रांची उणीव भासणार नाही.

ही कादंबरी २००६मध्ये चेंगडूच्याच 'सायन्स फिक्शन वर्ल्ड' मासिकात क्रमशः आली होती आणि २००८मध्ये पुस्तक झालं. चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीची प्रकरणं मध्यावर सरकवली होती, उगाच कुणाच्या डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून. इंग्रजीत ती पुन्हा सुरुवातीला आली. म्हणजे सरकारने काही सांगण्याआधी आपणच अंदाज घेऊन पान हलवायचं, ही पद्धत पुस्तकाच्या जन्मापासून सोबत होती. तिथल्या लेखकांकडे त्याला कारणही होतं: १९८३च्या 'आध्यात्मिक प्रदूषण'विरोधी मोहिमेत चिनी विज्ञानकथा जवळजवळ बंद पडली होती. १९७९मध्ये सुरू झालेलं चेंगडूचं हे मासिक त्यातून कसंबसं तगलं. पुढे हेच शहर वर्ल्डकॉन मागतं तेव्हा त्यामागे खरीखुरी वाचकसंख्या आहे, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेत मात्र दुरुस्ती सुरू झाली होती. एका ब्लॉगखालच्या चर्चेत जमलेल्या वाचकांनी नामांकनाची नवी गणितपद्धत घडवली. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर आणि जेमिसन क्विन यांनी तिचं विश्लेषण करून निबंधही लिहिला. कल्पना सोपी आहे. प्रत्येक मतदाराला विभागात एकच गुण. त्याने पाच नावं दिली तर प्रत्येकाला एक पंचमांश. प्रत्येक फेरीत सर्वात कमी गुणांची दोन पुस्तकं समोरासमोर येतात आणि ज्याला कमी नामांकनं ते बाद होतं. बाद पुस्तकावर अडकलेले गुण त्या मतदाराच्या उरलेल्या पुस्तकांकडे जातात. आपल्या सोसायटीत ८० घरांचे विखुरलेले गुण फेरीगणिक एकवटत जातात, आणि २० घरांची पाच नाटकं शेवटी एकमेकांनाच बाद करतात. गठ्ठ्याला त्याच्या ताकदीएवढी, म्हणजे एखादी जागा मिळते. २०१५ आणि २०१६ अशा दोन सभांत हा नियम मंजूर झाला आणि २०१७पासून लागू झाला.

मला हा प्रकार फार देखणा वाटतो. कुणाच्याही आवडीवर बंदी नाही, कुणाचं मत रद्द नाही.

त्याच काळात एन. के. जेमिसिन यांच्या 'ब्रोकन अर्थ' त्रयीने २०१६, २०१७ आणि २०१८ असे सलग तीन ह्यूगो घेतले. असं आधी कुणालाच जमलं नव्हतं, आणि कादंबरीचा ह्यूगो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका. पहिलं पुस्तक, 'द फिफ्थ सीझन', अलीकडच्या वीस वर्षांतलं सर्वोत्तम म्हणायला मी तयार आहे. भूकंप आवरण्याची शक्ती असलेल्या आणि त्यामुळेच गुलाम केल्या गेलेल्या माणसांची ती गोष्ट. त्यातला मोठा भाग 'तू' असं संबोधून लिहिलाय, आणि तसं का, ते कळतं तेव्हा मागची पानं पुन्हा उलटावी लागतात. तिसरं पुस्तक थोडं ताणलंय.

असं वाटलं की गाडी रुळावर आली. मग चेंगडू.

२०२१च्या डिसेंबरमध्ये सदस्यांनी मत देऊन २०२३चं यजमानपद चेंगडूला दिलं. झाहा हदीद यांच्या वास्तुसंस्थेने आखलेल्या नव्याकोऱ्या विज्ञानकथा संग्रहालयात संमेलन झालं. कादंबरीचा पुरस्कार टी. किंगफिशर यांच्या 'नेटल अँड बोन'ला गेला. आणि मग ती पीडीएफ आली.

'बेबल' एकटी नव्हती. नवोदितांच्या पुरस्कारातून शिरान जे झाओ, हौशी लेखनाच्या विभागातून पॉल वाइमर आणि 'सँडमॅन' मालिकेचा एक भागही तसाच बाद केलेला होता. नियम पाहून निर्णय घेतला, यापलीकडे मोजणीचे प्रमुख डेव्ह मॅकार्टी काही सांगेनात. इतरांनी कोष्टकं उलगडली, तेव्हा आकडेही चमत्कारिक निघाले. एरवी नामांकनांची संख्या पहिल्यापासून शेवटपर्यंत उताराने घसरते. इथे काही विभागांत पहिल्या काही नावांनंतर सरळ कडाच होता.

फेब्रुवारीच्या मध्यावर ख्रिस बार्कली आणि जेसन सॅनफोर्ड यांनी मोजणी-पथकातले ईमेल प्रसिद्ध केले. ते पथकातल्याच डायन लेसी यांनी दिले होते, माफी मागून. जून २०२३मधल्या त्या पत्रव्यवहारात अमेरिकी आणि कॅनडियन स्वयंसेवक संभाव्य विजेत्यांची चौकशी करताना दिसतात: चीन, तैवान, तिबेट यांबद्दल कुणी काही लिहिलंय का, बोललंय का. वाइमर तिबेटला जाऊन आल्याची नोंद झाली. ते गेले होते नेपाळला. शिवाय चिनी वाचकांची बरीच मतं एका शिफारसयादीवरून आलेला गठ्ठा समजून वगळल्याचेही उल्लेख निघाले. ज्या चिनी वाचकांच्या नावाने हा सगळा सावधपणा चालला होता, त्यांचीच मतं कचऱ्यात.

पथकाला चीन सरकारने लेखी हुकूम दिला, असं त्या ईमेलमधून दिसत नाही. दिसतं ते असं, की दूर बसलेल्या माणसांनी कुणाला काय खुपेल याचा अंदाज बांधला आणि मतपेटीत हात घातला. २०१५ची पिल्लं निदान नियमांच्या आत खेळली होती. आमच्याकडे एखाद्या माणसाला एकट्याने, नोंद न ठेवता, चालू प्रणालीतला डेटा बदलता आला तर ती रचनेची चूक मानतात, माणूस कितीही भला असो. एवढी सुंदर गणितपद्धत बसवलेल्या ह्यूगोत ही नोंदच नव्हती. गठ्ठ्याने येणाऱ्या मतदारांविरुद्ध कुलूप होतं, मोजणाऱ्याविरुद्ध काहीच नव्हतं.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' पाठवली, तेव्हा आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. कथा वाचावी, माणूस वाचू नये, म्हणून. चेंगडूच्या पथकाने 'बेबल' पूर्ण वाचली होती की नाही यालाही त्या कागदांत फारसं महत्त्व दिसत नाही.

मॅकार्टी आणि आणखी काहींनी पदं सोडली. २०२४च्या ग्लासगो संमेलनाने त्या जुलैमध्ये जाहीर केलं की ३७७ मतं बनावट म्हणून रद्द केली आहेत: ओळीने वर्णानुक्रमात येणारी आडनावं, फक्त आकडे बदललेली नावं. कारण काय, फायदा होऊ शकणाऱ्या उमेदवाराला त्याची कल्पना होती असा पुरावा नाही, सगळं सांगितलं. मतं बाद करायची वेळ येतेच; ती अशी चारचौघांत सांगून करता येतात.

त्याच ग्लासगोत हौशी लेखनाचा ह्यूगो पॉल वाइमर यांना मिळाला. झाओ यांची मुदत पुरस्काराच्या प्रायोजकांनी वाढवून दिली होती, त्यांनाही नवोदितांचा पुरस्कार मिळाला. कादंबरीला अशी मुदतवाढ नसते, 'बेबल' परत आली नाही. आणि यात 'नेटल अँड बोन'वर अन्याय झाला, ते वेगळंच. हाडांचा कुत्रा सोबत घेऊन बहिणीला क्रूर राजपुत्राच्या तावडीतून सोडवायला निघालेल्या तिशीतल्या राजकन्येची ती गोष्ट; छोटी, काळी, खट्याळ. तिच्या पुरस्कारापुढे आता कायमचं प्रश्नचिन्ह आहे. बाकी यादीत 'लेजेंड्स अँड लाटेज' म्हणजे लढाया सोडून कॉफीचं दुकान टाकणारी ऑर्क, पावसाळ्यात वाचायला बरी. स्काल्झींची 'कैजू' दोन बैठकांत संपते आणि तिसऱ्या दिवशी आठवत नाही. 'नोना द नाइन्थ' अप्रतिम, पण आधीची दोन पुस्तकं वाचल्याशिवाय अक्षर कळणार नाही.

मी भरली असती ती मतपत्रिका अशी: 'नेटल अँड बोन' पहिली, 'नोना' दुसरी, 'बेबल' तिसरी.